दाबून बघा

गस्ती जहाजावर सिस्टर दोनच दिवसांसाठी आली होती. दोन दिवसांत काय आभाळ कोसळणार आहे, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं. जहाजाचा नेहमीचा औषधवाला लग्नासाठी रजेवर गेला होता. लग्न त्याचं स्वतःचंच असल्यामुळे रजा नाकारायची सोय नव्हती. बदली म्हणून बंदरावरच्या दवाखान्यातून हिला पाठवलं. सख्ख्या नात्यातली दोन माणसं एका जहाजावर ठेवायची नाहीत, असा सागरी दलाचा नियम होता आणि चांगला नियम होता. पण दोन दिवसांसाठी नियमांची वही कोण उघडून बसतो! तेव्हा तिचा थोरला भाऊ ज्या जहाजावर झडतीच्या तुकडीचा प्रमुख होता, नेमकी त्याच जहाजाची शिडी ती चढली.

"इथे मला दादा म्हणायचं नाही," त्याने शिडीवरच बजावलं. "सर म्हणायचं."

"आणि तू मला काय म्हणणार?"

"सगळे म्हणतात तेच. सिस्टर."

यावर तिला इतकं हसू आलं, की हातातली औषधांची पिशवी पाण्यात जाता जाता वाचली. जहाजावरच्या तीस माणसांत हा एकटाच असा होता, की त्याच्या तोंडी तो शब्द अगदी खरा होता. दादा मात्र हसला नाही. कामावर असताना तो हसत नसे.

त्याला कारणही होतं. चार वर्षांपूर्वी संध्याकाळच्या वेळी त्याच्या तुकडीतला एकजण दोरीवरून निसटून समुद्रात पडला. जाकिटाने त्याला तरंगतं ठेवलं असणार, पण जाकिटावरचा दिवा लागलाच नाही. बॅटरी मेलेली होती. पहाटेपर्यंत शोधलं, सापडला नाही. तेव्हापासून दादाने नेम घालून दिला: चालवून बघितल्याशिवाय काहीही अंगावर चढवायचं नाही. झडतीला निघण्याआधी सहाही जण डेकवर ओळीने उभे राहत आणि दादा एकेक वस्तू पुकारत जाई. टॉर्च, दाबून बघा! वॉकीटॉकी, दाबून बघा! दिवा, दाबून बघा! सगळं जहाज या कवायतीची टिंगल करायचं. स्वयंपाकीसुद्धा जेवण वाढताना "डाळ, दाबून बघा!" म्हणायचा. पण टिंगल करणाऱ्यांचेही दिवे लागत होते, हे खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं होतात न होतात तोच निरोप आला. एक मासेमारी बोट, जाळी कोरडी, नांगर टाकलेला, आणि गस्तीचं जहाज बघताच तिने इंजिन सुरू केलेलं. बोटीवर पावडर असावी अशी खबर होतीच. तुकडी डेकवर उभी राहिली. सिस्टर मागे गुडघ्यावर बसून पिशवी भरत होती. दादाचा पुकारा तिच्या कानांवर पडत होता, आणि टॉर्च, वॉकीटॉकी, शिट्टीच्या ओळीत तिला "फवारा, दाबून बघा!" असंही ऐकू आलं. डोळे धुवायचा असेल, असं तिला वाटलं. त्या क्षणी तिने मान वर करून बघितलं असतं तर, असं पुढे तिला फार वेळा वाटणार होतं.

आता या फवाऱ्याचं सांगायला हवं. पूर्वी बोटींवर जो माल सापडायचा तो निदान ढीगभर तरी असायचा. आता येते ती पांढरी पावडर, अफूच्या जातीची पण कारखान्यात केलेली. चिमूटभर पोटात किंवा छातीत गेली की माणूस झोपतो आणि झोपेत श्वास घ्यायचंच विसरतो. त्यावरचा उतारा म्हणजे नालोक्झोनचा फवारा. अंगठ्याएवढं पांढरं प्लास्टिक, खाली दाबायचा खटका. नाकपुडीत घालून दाबला, की दोन-तीन मिनिटांत विसरलेला श्वास आठवतो. गेल्याच आठवड्यात हे फवारे पहिल्यांदा जहाजावर आले होते. औषधवाल्याने सहा जणांना एकेक वाटला, दोन पिशवीत ठेवले, सोबतचा माहितीचा कागद फायलीला लावला आणि तो बोहल्यावर चढायला निघून गेला.

रबरी बोट लाटांवर आपटत निघाली. सिस्टर मधोमध दोरी घट्ट धरून बसली होती. शेजारी तुकडीतला दुसऱ्या नंबरचा, ज्याला सगळे मिशाळ म्हणत. त्याच्या छातीच्या खिशातून फवारा डोकावत होता, आणि त्याचा खटका आत गेलेला होता.

तिने तो खिशातून ओढूनच घेतला. "हा कुणी वापरला?"

"वापरला कुठे? दाबून बघितलाय," मिशाळ अभिमानाने म्हणाला. "रोज बघतो, सिस्टर. पहिल्या दिवशी मस्त फुर्र झालं. आता तसं होत नाही, पण खटका बाहेर ओढला की परत कसा गुळगुळीत आत जातो बघा."

तिने पलीकडच्याचा खिसा चाचपला. त्याच्याही फवाऱ्याचा खटका आत. त्याच्या पलीकडच्याचाही.

"अरे, यात एकच डोस असतो!" वाऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडत ती म्हणाली. "एकदा दाबला की संपला! तुम्ही सहाच्या सहा रिकामे करून ठेवलेत!"

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. दादा पुढे टोकाला बसला होता. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येईना. हा चेहरा तिने एकदाच पाहिला होता, चार वर्षांपूर्वी.

"तुझ्या पिशवीत दोन आहेत," तो म्हणाला.

"आहेत." तिने पिशवी उघडली. एकाचं वेष्टन शाबूत होतं. दुसऱ्याचं फाडलेलं.

"तो मी सकाळी..." दादा अडखळला. "म्हटलं, पहिल्यांदाच येतेय. निदान तुझं सामान तरी धड आहे का बघावं."

"परत फिरव बोट. दादा, परत फिरव."

ती सर म्हणायचं विसरली, आणि त्यानेही तिला टोकलं नाही. त्याने फक्त समोर बोट दाखवलं. मासेमारी बोटीवरून दोन माणसं गोण्या ओढत कठड्याकडे नेत होती. परत फिरलं तर तासाभरात तिथे जाळी आणि निष्पाप चेहरे यांखेरीज काही उरलं नसतं.

"एक शिल्लक आहे ना?" दादाने विचारलं.

"एक."

"मग झालं. आपल्यातल्या कोणाला काही होत नाही." असं म्हणून त्याने तोंडावरच्या मास्कचा पट्टा ओढून बघितला. थोड्या वेळाने पुन्हा ओढून बघितला.

तिला भीती वाटत होती. साधी, पोटातली भीती. लहानपणी दादा विहिरीच्या कठड्यावरून चालायचा तेव्हा वाटायची तीच. सात माणसं, एक डोस. आणि दलाच्या आदेशात ठळक अक्षरांत छापलेलं होतं, की फवारा तुकडीच्या संरक्षणासाठी आहे. आधी आपला माणूस. तिने शाबूत फवारा पिशवीतून काढून आतल्या खिशात ठेवला आणि वरून चेन लावली.

बोटीवर चढायला त्रास झाला नाही. डेकवरची चार माणसं हात वर करून उभी राहिली, जणू सकाळपासून त्याचाच सराव करत होती. गोण्या कठड्यापाशीच राहिल्या होत्या. "पाचवा कुठे आहे?" दादाने विचारलं. चौघांतला म्हातारा खाली बघत म्हणाला, "इंजिनवाला. खाली." इंजिनाच्या खोलीचं झाकण उघडंच होतं. आतून पंख्याचा आवाज येत होता आणि पंख्याबरोबर पिठाच्या गिरणीत उडते तशी पांढरी धूळ.

इंजिनवाला खाली बसून पुडके सुरीने फाडत होता आणि तळाच्या पाण्यात ओतत होता. निदान मघापर्यंत ओतत असावा. आता तो इंजिनाला टेकून आडवा झाला होता.

"मी जातो," दादा म्हणाला.

"आधी पंखा बंद कर. मास्क घट्ट..."

पण तो उतरलाही होता. पंखा थांबला. मग नुसतेच धक्के, घसटण्याचे आवाज आणि दादाची एक सणसणीत शिवी. इंजिनवाल्याचं डोकं झाकणातून वर आलं, मिशाळने खांदे धरून त्याला ओढलं. मागून दादा आला. त्याचा मास्क एका कानाला लोंबत होता. एक हातमोजा फाटला होता, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा पांढरा झाला होता.

"मास्क पाइपात अडकला," तो म्हणाला आणि डेकवर बसला. बसला नाही, पडलाच. "माझे हात. चिमे, माझे हात बधिर झालेत. छाती दाबतेय कोणीतरी."

चिमी हे तिचं घरातलं नाव. सहा वर्षांची असल्यापासून तिने त्याला ते चारचौघांत घेऊ दिलं नव्हतं.

"लागली! सरांना पावडर लागली!" मिशाळ ओरडला. या पावडरीला नुसतं बोट लागलं तरी माणूस जागच्या जागी संपतो, असं त्या तुकडीत प्रत्येकाने कुणाकडून तरी ऐकलं होतं. "सिस्टर, फवारा! काढा लवकर!"

तिने चेन उघडली. फवारा हातात आला. समोर डावीकडे दादा, उजवीकडे इंजिनवाला. पन्नाशीचा, खुरटी दाढी, ओठ निळसर. तिने त्याची पापणी उचलली. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा. गालावर चापट मारली, काही नाही. दादाची पापणी उचलायला गेली तर तो तिचा हात घट्ट पकडून बसला. भर उन्हात त्याचे डोळे इतके मिचमिचत होते की त्यातलं काही धड दिसेना.

नुसत्या स्पर्शाने असं होत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण मास्क सुटला होता. खाली धूळ होती. किती आत गेली असेल? घोटभर? दोन घोट? आणि नक्की ठाऊक असलेली गोष्ट सख्ख्या भावावर पणाला लावायची म्हटल्यावर ती कितीशी नक्की राहते?

"काय बघताय?" मिशाळने तिचा दंड धरला. "तो आरोपी आहे! याला द्या! त्याला तोंडाने श्वास द्या हवं तर!"

इंजिनवाल्याच्या तोंडाला दाढीभर पावडर लागली होती. तिथे तोंड लावणं म्हणजे स्वतः शेजारी जाऊन झोपणं. श्वास भरायची रबरी पिशवी जहाजावर राहिली होती. जहाज येत होतं, पण अजून अंगठ्याएवढं दिसत होतं.

"हात सोडा माझा," ती म्हणाली. "अर्धं मिनिट कोणी बोलायचं नाही."

तिने एक हात दादाच्या पोटावर ठेवला, एक इंजिनवाल्याच्या, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागली.

ते अर्धं मिनिट तिच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब होतं. डाव्या हाताखाली दादाचं पोट भात्यासारखं चाललं होतं. पाच, सहा, सात. उजव्या हाताखाली काही नाही. दहा, अकरा. काही नाही. मग इंजिनवाल्याच्या घशातून एक घरघर आली, पोट जरासं वर आलं. एक. दादा मान हलवत होता आणि तिच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत धाक नव्हता, हुकूम नव्हता, नुसती विनवणी होती. सोळा, सतरा. तिला उठून पळावंसं वाटलं. एकोणीस. उजव्या हाताखाली: दोन.

भीतीने श्वास धावतो. पावडरने तो बसतो. हे तिने शंभर जणांना शिकवलं होतं.

ती उजवीकडे वळली, इंजिनवाल्याची मान मागे केली, फवारा नाकपुडीत घातला आणि दाबला. फुर्र झालं.

"सिस्टर!" मिशाळचा आवाज फाटला.

दादाने डोळे मिटले. तो काही बोलला नाही, हेच तिला सगळ्यात वाईट वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

इंजिनवाल्याला कुशीवर वळवून, त्याची मान मिशाळच्या हातात देऊन, ती दादाकडे सरकली. ओल्या फडक्याने त्याचा चेहरा पुसला. "दादा, इकडे बघ. बोल माझ्याशी."

"मी जातोय, चिमे."

"जाणारा माणूस सांगून जात नाही. एकोणतीसचा पाढा म्हण."

"काय?"

"एकोणतीसचा. बाबांनी तुला दाराबाहेर उभं केलं होतं तो. दर आकड्याला एक श्वास. म्हण!"

"एकोणतीस... एके एकोणतीस," तो धापा टाकत म्हणाला. "एकोणतीस दुणे... अठ्ठावन्न."

"सावकाश."

"त्रिक सत्त्याऐंशी. चोक... एकशे सोळा." तिचा हात पुन्हा त्याच्या पोटावर होता आणि ती मोजत होती, कारण हा आवाज कुठे लांबतोय, कुठे अडखळतोय, यावर तिचा स्वतःचा जीव टांगलेला होता. "पाचे एकशे पंचेचाळीस. सक एकशे चौऱ्याहत्तर. साते..."

तो थांबला. तिचं काळीज थांबलं.

"साते?" ती किंचाळली.

"अगं, साते मला तेव्हाही येत नव्हतं!" दादा वैतागून म्हणाला, आणि त्या वैतागलेल्या आवाजात तिला तिचा भाऊ परत मिळाला. ती तिथेच डेकवर बसून रडली. फार नाही, पण रडली.

तेवढ्यात इंजिनवाल्याने भडाभडा ओकून डोळे उघडले आणि मिशाळला आईवरून शिवी दिली. मिशाळने आयुष्यात पहिल्यांदाच शिवी ऐकून कोणाची पाठ थोपटली असेल.

पण भीती तिथे संपायला तयार नव्हती. फवाऱ्याचा जोर अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो, पावडरचा ओसरत नाही. गस्तीचं जहाज आलं, इंजिनवाल्याला त्यावर घेतलं, आणि बंदर अजून अर्ध्या तासावर असताना त्याचे डोळे पुन्हा जड झाले. श्वास मिनिटाला बारा, मग आठ, मग पाच. आता मारायला फवारा नव्हता. तिने मास्क त्याच्या तोंडावर दाबून धरला आणि रबरी पिशवी पिळायला घेतली. पाच सेकंदांनी एकदा. दहा मिनिटांत तिचे हात भरून आले.

"सरक," मागून आवाज आला.

दादा होता. हात धुतलेले, कपडे बदललेले, चेहरा अजून पांढराच, पण आता पावडरीमुळे नाही. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. पिशवी घेतली आणि पिळायला लागला. त्याचे ओठ हलत होते. तिने कान दिला. एकोणतीस एके एकोणतीस, पीळ. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, पीळ. सातेला तो दरवेळी थांबायचा आणि ती म्हणायची, "दोनशे तीन." बंदराच्या धक्क्यावर रुग्णवाहिकेचा डॉक्टर चढेपर्यंत तिने ते कितीदा म्हटलं, याचा हिशोब नव्हता. इंजिनवाला जगला. शुद्धीवर आला तेव्हा खाटेच्या दांड्याला त्याचा हात बेडीने बांधलेला होता आणि दाराशी पोलीस बसला होता.

दादाने अहवाल स्वतः लिहिला. फवारे आपल्याच हुकमावरून दाबून बघितले गेले आणि वाया गेले, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. शिल्लक फवारा "ज्याला गरज होती त्याला" दिला, एवढंच पुढे. अहवाल तिला वाचायला पाठवला, पण सोबत एक शब्दही नाही. तीन दिवस फोन नाही. तिने केला तर उचलला नाही.

रविवारी दोघं आईकडे जेवायला आली. आईला यातलं काही सांगायचं नाही, हे न बोलताच ठरलेलं होतं. जेवताना दादा दोनदा हसला, ते आईसाठी. मग आई भांडी आवरायला आत गेली आणि तो टेबलावरचं पाणी बोटाने पुसत म्हणाला, "मला किती होते?"

"अर्ध्या मिनिटात एकोणीस."

"आणि त्याला दोन."

"दोन."

"मोजण्यात चूक झाली असती तर?"

काहीतरी धीराचं बोलावं, असं तिला वाटलं. पण हा प्रश्न तिने स्वतःला तीन दिवस विचारला होता, आणि उत्तर एकच आलं होतं. "तर मी परत या घरात पाऊल टाकलं नसतं," ती म्हणाली.

दादाने टेबलावरचं उरलेलं पाणी पुसलं. मग म्हणाला, "मी तुझ्यावर रागावलो नाहीये. मी घाबरलोय. अजून. दिवा लावायला बटण दाबतो ना, तरी हात थांबतो." मग उठला, बाहेरच्या खोलीत गेला आणि पेपर वाचता वाचता कोचावर झोपला.

"हल्ली हा फार झोपतो," आतून आई म्हणाली.

एवढ्याने सिस्टरच्या हातातला पेला थांबला. ती बाहेरच्या खोलीच्या दारात आली. खिडकीतून ऊन येत होतं. दादाच्या छातीवर पेपर उघडा पडला होता. ती जवळ गेली, उभ्या उभ्या घड्याळाकडे बघत पेपरवर नजर ठेवली. वर, खाली. एक. वर, खाली. दोन. आठपर्यंत आली तेव्हा डोळे न उघडताच दादा बोलला.

"मिनिटाला पंधरा. मी आत्ताच मोजलेत. जा, बस जरा."

"गप्प पड," ती म्हणाली. "बोललास की मोजणी चुकते."

आणि तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.